काउंटरच्या दोन्ही बाजूंना

मागच्या महिन्यात मी बँकेत एका मुलीवर ओरडलो. अम्मीच्या पेन्शन खात्याच्या केवायसीसाठी माझी ती तिसरी खेप होती. शाळेतून अर्धी रजा टाकून गेलो होतो. पाऊण तास रांगेत उभा राहिल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सर, सर्व्हर डाउन आहे. उद्या याल का?” माझा तोल गेला. तिच्या मागच्या भिंतीवर एक फ्रेम होती. ग्राहक हा आपल्या दारी येणारा सर्वांत महत्त्वाचा माणूस आहे, आपण त्याच्यावर उपकार करत नाही, तोच आपल्यावर करतो, अशा अर्थाचा मजकूर आणि खाली महात्मा गांधींचं नाव. मी त्या फ्रेमकडे बोट दाखवून म्हणालो, “मॅडम, हे कधी वाचलंय का? पगार कशाचा घेता?” ती काही बोलली नाही. मान खाली घालून माझे कागद सरळ केले आणि परत दिले.

आठवीत शिकणारी माझी मुलगी सोबत होती. स्कूटरवर मागे बसल्यावर ती एवढंच म्हणाली, “अब्बा, सर्व्हर उनो थोडीच बंद किए थे?”

मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, शिक्षक कमी असले की इतिहासाचे तासही घेतो. मुलांना रोज सांगतो, की कुणी काही सांगितलं तर आधी विचारा, हे कशावरून? त्या दिवशी ज्या फ्रेमच्या आधारावर मी त्या मुलीचा अपमान केला, तिच्याबद्दल हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. घरी आल्यावर विचारला.

ते वाक्य गांधीजींचं असल्याचा पुरावा मिळत नाही. गांधीजींनी ते 1890 साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका भाषणात म्हटलं, असं जागोजागी छापलेलं आढळतं. पण 1890 मध्ये गांधीजी लंडनमध्ये कायद्याचं शिक्षण घेत होते. दक्षिण आफ्रिकेत त्यांचं पाऊल पडलं ते 1893 मध्ये. हा मजकूर आढळतो तो 1941 मध्ये, अमेरिकेतल्या स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या विक्रीप्रमुखाच्या तोंडी. म्हणजे मोटारी खपवण्यासाठी रचलेलं वाक्य आपण राष्ट्रपित्याच्या नावावर भिंतीला टांगलं, आणि माझ्यासारख्यांनी ते काठीसारखं वापरलं.

जाता जाता एक सांगतो. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले ते एका व्यापारी पेढीच्या कामासाठी. पेढी होती पोरबंदरच्या दादा अब्दुल्ला या मेमन मुस्लिम व्यापाऱ्याची. म्हणजे गांधीजी तिथे सेवा देणारे होते आणि दादा अब्दुल्ला त्यांचे ग्राहक. तरुण, अननुभवी वकिलाला या ग्राहकाने घरी ठेवून घेतलं, सांभाळलं, त्याच्याशी धर्मावर चर्चा केल्या. खटल्याचा निकाल बाजूने लागल्यावर, समोरचा व्यापारी बुडू नये म्हणून वकिलाने हप्त्यांची गळ घातली आणि ग्राहकाने ती मानली. फ्रेममधल्या वाक्यापेक्षा ही खरी घडलेली गोष्ट मला जास्त शिकवून गेली.

मग मी मागे मागे जात राहिलो. ग्राहक आणि सेवा देणारा, यांच्यातल्या अदबीचा आपल्याकडे काय इतिहास आहे?

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) स्वतः व्यापारी होते, हे आपण मिलादच्या भाषणांत अभिमानाने सांगतो. पण बाजारातल्या हदीस कुणी नीट वाचून दाखवत नाही. बुखारीत एक प्रसंग आहे. एका माणसाकडून प्रेषितांनी उंट उसना घेतला होता. तो वसुलीला आला आणि अतिशय उद्धटपणे बोलू लागला. सोबतचे सहाबी चिडून त्याच्या अंगावर धावले. प्रेषितांनी त्यांना अडवलं. ज्याचं येणं आहे त्याला बोलण्याचा हक्क आहे, असं सांगून त्या वयाचा उंट शोधायला लावलं. तसा मिळेना, तर त्याहून चांगला द्यायला लावला. आजच्या भाषेत सांगायचं तर तक्रार करणाऱ्याचा सूर खराब असला तरी त्याची तक्रार खोटी ठरत नाही.

एवढंच वाचून थांबलो असतो तर मी बँकेतल्या माझ्या वागण्याचं समर्थन करू शकलो असतो. माझं येणं होतं, मी बोललो! पण त्याच बुखारीत दुसरी हदीस आहे. विकताना, विकत घेताना आणि आपलं येणं मागताना जो माणूस मऊपणाने वागतो, त्याच्यासाठी प्रेषितांनी अल्लाहच्या कृपेची दुआ केली आहे. पहा, विकणारा, घेणारा आणि मागणारा, तिघे एकाच दुआत आहेत. पहिली हदीस सेवा देणाऱ्याला सांगते की ऐकून घे. दुसरी ग्राहकाला सांगते की हक्क असला तरी सौम्यपणे माग. आपली सोय अशी, की प्रत्येक जण दुसऱ्यासाठी असलेली हदीस पाठ करतो.

आज दुकानांत ‘रिटर्न पॉलिसी’ म्हणून ज्याची जाहिरात होते, तिचीही मुळं फिकहच्या ग्रंथांत सापडतात. मालात दोष निघाला तर सौदा मोडण्याचा हक्क, ज्याला ‘खियार’ म्हणतात, त्यावर फकीहांनी पानंच्या पानं लिहिली. व्यवहारात वारंवार फसणाऱ्या एका सहाबींना तर तीन दिवसांची मुदत सांगितली गेली. आणि दोष नसतानाही घेणाऱ्याला नुसता पस्तावा झाला, तर विक्रेत्याने राजीखुशीने सौदा मोडावा, याला ‘इकाला’ म्हणतात आणि त्याचं मोठं पुण्य सांगितलं आहे. हा कायद्याचा हक्क नाही, समोरच्याची अडचण समजून घेण्याची गोष्ट आहे.

मला सर्वांत जास्त हलवून गेली ती जेवणाची हदीस. तुमचा सेवक तुमच्यासाठी अन्न शिजवून आणेल, तेव्हा त्याला सोबत बसवा, ते जमत नसेल तर निदान एकदोन घास त्याच्या हातावर ठेवा. कारण काय दिलं आहे? दया करा, असं नाही. त्या अन्नाची धग त्याने सोसली आहे, हे कारण आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता हेल्मेट घालून बिर्याणीचं पार्सल आणणारा पोरगा दारात उभा असतो, तेव्हा हे कारण आठवावं. आपल्या ताटात येणाऱ्या अन्नाची धग कुणीतरी सोसलेली असते. प्रेषितांची दहा वर्षं सेवा केलेले हजरत अनस (र.) सांगतात, की या दहा वर्षांत त्यांनी मला कधी ‘उफ्’ म्हटलं नाही, हे का केलंस आणि ते का नाही केलंस, असं विचारलं नाही. दहा वर्षं! मी तिसऱ्या खेपेला फुटलो.

ही परंपरा पुढे बाजारातही दिसते. हनफी पंथाचे इमाम अबू हनीफा (मृत्यू 767) हे कूफ्यातले रेशमी कापडाचे व्यापारी होते. चरित्रकार सांगतात, एक बाई रेशमी वस्त्र विकायला आली आणि तिने शंभर दिरहम सांगितले. इमामसाहेब म्हणाले, किंमत जास्त आहे. ती शंभर शंभर वाढवत गेली. चारशेवर आली तेव्हा तिला वाटलं, हे आपली थट्टा करताहेत. शेवटी दुसऱ्या जाणकाराकडून किंमत ठरवून घेऊन त्यांनी ते पाचशेला घेतलं. इथे ग्राहक इमाम आहेत, आणि विकणारीच्या अज्ञानाचा फायदा घेत नाहीत. ‘सस्ते में निपटाया’ म्हणून आपण भाजीवालीच्या बाबतीत जी मर्दुमकी सांगतो, तिच्याशी ही गोष्ट ताडून पहावी.

माणसाच्या चांगुलपणावर सगळं सोडून चालत नाही, हेही जुन्या लोकांना कळत होतं. म्हणून मुस्लिम शहरांत ‘मुहतसिब’ नावाचा अधिकारी असे. वजनं, मापं, भेसळ, रस्त्यावरची अडचण, सगळं तो पाही. बाराव्या शतकात सीरियातल्या शैजरी यांनी मुहतसिबासाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात रोटीवाल्याबद्दल किती बारीक सूचना आहेत! कणीक पायाने तुडवू नये, मळणाऱ्याने तोंडावर फडकं बांधावं, घाम टपकू नये म्हणून कपाळाला पट्टी बांधावी, दिवसा माश्या हाकलायला शेजारी एक माणूस असावा. कोविडच्या काळात हॉटेलांत मास्क आले तेव्हा मला हा शैजरी आठवला होता.

पण नुसत्या धाकाने काय होतं, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. अल्लाउद्दीन खिलजीने (कारकीर्द 1296 ते 1316) दिल्लीत धान्यापासून कापडापर्यंत सगळ्याचे भाव बांधून दिले. धान्यबाजारावर शहना-ए-मंडी नेमला, कापडासाठी सराय-ए-अदल उभारली. इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो, की सुलतान आपल्या कबुतरखान्यातल्या लहान गुलाम पोरांना पैसे देऊन रोटी, कबाब, हलवा आणायला पाठवी. पोर आलं की माल तोलला जाई. जितकं वजन कमी, तितकं मांस दुकानदाराच्या अंगावरून कापलं जाई. बाजार सरळ झाला, पण तो भीतीपोटी. सुलतान गेला आणि त्याच्यामागे ही व्यवस्थाही गेली. दंडाने वजन पूर्ण भरतं, पण तराजूमागच्या माणसाला समोरच्याबद्दल आपुलकी वाटेल, याची सोय दंडात नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या गावगाड्यात तर रोख पैशाचा ग्राहकच जवळजवळ नव्हता. सुतार, लोहार, न्हावी, परीट वर्षभर काम करत आणि खळ्यावर धान्याच्या रूपात बलुतं घेत. बलुतेदारांच्या बऱ्याच याद्यांत मुलाण्याचंही नाव आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (1915) या पुस्तकात ही सगळी व्यवस्था तपशिलाने मांडली आहे. त्या काळाची आठवण काढून काही लोक गहिवरतात, सगळे कसे एकमेकांना ‘मामा’, ‘काका’ म्हणत. ते खरं आहे. पण खळ्यावर हात पसरून उभं राहावं लागे, हेही खरं आहे. महारवाड्याला तर खळ्यावरही अंतर राखून उभं राहावं लागे. सेवा करणाऱ्याला खालचा समजण्याची सवय आपल्याला परदेशातून आलेली नाही, ती इथलीच आहे आणि जातीत मुरलेली आहे. मुसलमानही त्यातून सुटलेले नाहीत. आमच्यात अश्राफ-अजलाफ कशाला बोलतात, ते आमच्या लोकांना ठाऊक आहे.

नव्या युगातला ‘ग्राहक राजा’ जन्मला तो युरोप-अमेरिकेच्या मोठ्या दुकानांत. पॅरिसमध्ये 1852 पासून अरिस्तिद बुसिको यांनी ‘बों मार्शे’ या दुकानाचा विस्तार केला. ठरलेली किंमत, माल परत घेण्याची हमी, न घेताही हिंडून बघायची मुभा, या गोष्टी तिथून रूढ होत गेल्या. त्यात एक मोठा न्याय होता. घासाघीस करण्याची हिंमत नसलेल्या गरिबालाही श्रीमंताच्याच भावाने वस्तू मिळू लागली. पुढे ग्राहक नेहमी बरोबरच असतो, हे ब्रीद आलं. शिकागोचे मार्शल फील्ड, 1909 मध्ये लंडनला दुकान काढणारे सेल्फ्रिज, हॉटेलवाले सीझर रिट्झ अशा बऱ्याच जणांशी ते जोडलं जातं. गिऱ्हाइकाला लुबाडण्याच्या काळात ते ब्रीद उपयोगाचं होतं. पण त्याची किंमत कुणी मोजली? मालकाने नाही, काउंटरवर उभ्या असलेल्या पोरीने मोजली. ग्राहक नेहमी बरोबर असेल, तर वाद झाल्यावर ती नेहमीच चूक ठरणार.

टेलिफोनचा इतिहास याच दृष्टीने वाचण्यासारखा आहे. सुरुवातीला अमेरिकेत एक्स्चेंजवर तारखात्यासारखी पोरं कामाला ठेवली होती. ती ग्राहकांशी उर्मटपणे बोलत, शिव्या देत, मस्करी करत. म्हणून 1 सप्टेंबर 1878 रोजी बोस्टनमध्ये एमा नट या तरुणीला नेमलं गेलं. ती पहिली महिला टेलिफोन ऑपरेटर. तिचा शांत, मऊ आवाज लोकांना इतका आवडला, की हळूहळू हे काम बायकांचंच झालं. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं 1882 च्या जानेवारीत. म्हणजे आवाजातला गोडवा ही पगार देऊन विकत घेण्याची वस्तू झाली त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षं होतील.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये हवाई सुंदरींचा अभ्यास करून यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी या कामाला ‘भावनिक श्रम’ म्हटलं. हमाल पाठीने ओझं उचलतो, तसं हे लोक मनाने उचलतात. आतून राग येत असताना चेहऱ्यावर हसू ठेवणं हाच कामाचा भाग असतो. मला हे लगेच पटलं. बी.एड.ला सूक्ष्म अध्यापनात ‘प्रबलन कौशल्या’चे पाठ घेताना ‘छान’, ‘शाब्बास’ किती वेळा म्हटलं, मान किती वेळा डोलावली, याच्या खुणा निरीक्षक मागे बसून करत असत. घरी अब्बांचं आजारपण चालू असताना मी असे हसरे पाठ दिले आहेत. हसण्याने माणूस किती थकतो, ते मला माहीत असायला हवं होतं.

आता घरातली गोष्ट. माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात एका कॉल सेंटरमध्ये आहे. ईदला आला होता. बँकेतला किस्सा मी लाजत लाजत त्याला सांगितला. तो हसला. म्हणाला, “मामू, तुम्ही तर पगारावरच गेलात. आम्हाला लोक आईवरून बोलतात.” मग म्हणाला, की कॉलवर तो स्वतःचं नाव सांगत नाही, दुसरंच एक नाव सांगतो. परदेशी ग्राहकांसाठी भारतातल्या कॉल सेंटरांत पोरांना इंग्रजी नावं घ्यावी लागत, हे आपण ऐकून होतो. पण हा तर आपल्याच लोकांशी हिंदी-मराठीत बोलतो. मी विचारलं, कंपनीची सक्ती आहे का? “नाही मामू, मीच घेतलं. आधी माझं नाव सांगायचो. काही लोक नाव ऐकल्यावर म्हणायचे, दुसऱ्याला द्या.”

बहीण स्वयंपाकघरातून ऐकत होती. ते नाव तिच्या अब्बांनी, म्हणजे माझ्या अब्बांनी ठेवलेलं आहे.

जुलै 2019 मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने, डिलिव्हरी करणारा मुस्लिम आहे म्हणून झोमॅटोवरची ऑर्डर रद्द केली आणि ते जाहीरपणे सांगितलंही. कंपनीने पैसे परत द्यायला नकार दिला आणि अन्नाला धर्म नसतो अशी भूमिका घेतली. देशभरातून असंख्य हिंदू बांधवांनी तिला पाठिंबा दिला, हेही नमूद करायला हवं. त्या वेळी आम्ही सगळ्यांनी ती बातमी फॉरवर्ड केली. पण आमच्याच मोहल्ल्यातल्या हॉटेलात टेबल पुसणाऱ्या बिहारी पोराला आम्ही ‘ए छोटू’ म्हणून हाक मारतो, त्याचं नाव कधी विचारत नाही. सफाईला येणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवणारी घरं आमच्यातही आहेत. नाव नाकारलं जाण्याचं दुःख ज्याला कळतं, त्याने तरी दुसऱ्याचं नाव विचारावं.

कायद्याने दोन्ही बाजूंना काही दिलं आहे, हे मान्य करायला हवं. महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा 1986 मध्ये आला, त्याची नवी आवृत्ती 2019 मध्ये. ही चळवळ नसती तर आपण आजही भेसळीचं तेल मुकाट्याने खाल्लं असतं. दुसऱ्या बाजूला, ॲपवर काम करणाऱ्या डिलिव्हरी कामगारांसाठी राजस्थानने 2023 मध्ये देशातला पहिला स्वतंत्र कायदा केला. कायदा नुकसानभरपाई देईल, नोंदणी करेल. ‘जरा पाणी घे बाळा’ हे मात्र आपल्यालाच म्हणावं लागेल.

कुरआनची 83 वी सूरह ‘अल-मुतफ्फिफीन’ आहे, म्हणजे माप मारणारे. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि दुसऱ्याला देताना कमी भरतात, अशांचा तिथे धिक्कार आहे. लहानपणापासून मी ती सूरह दुकानदारांसाठी आहे असं समजत होतो. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त मात्र हा शब्द नमाजच्या संदर्भात येतो, आणि पूर्ण माप व कमी माप प्रत्येक गोष्टीत असतं, असं तिथे नोंदवलं आहे. मग ते इज्जतीतही असणार. मला ‘सर’ म्हणून हाक हवी, हसरा चेहरा हवा, काम तत्काळ हवं, आणि देताना मी काय दिलं? रजा वाया गेली याचा राग. माप मारणारा त्या दिवशी काउंटरच्या अलीकडे उभा होता.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा बँकेत गेलो. मुलीला मुद्दाम सोबत नेलं. तीच कर्मचारी होती. मी म्हणालो, “त्या दिवशी मी चुकीचं बोललो. माफ करा.” तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, तिला मी आठवतच नव्हतो. “कोणत्या दिवशी, सर?” तिने विचारलं. दिवसभरात माझ्यासारखे किती येत असतील, ते त्या प्रश्नावरून मला कळलं.

केवायसी पाच मिनिटांत झालं. निघताना माझ्या मुलीने तिला नाव विचारलं. तिने सांगितलं, आणि हसली. ते हसू नोकरीचं नसावं, असं मला वाटलं.